साहेबआजोबांचं अक्षर

संशोधक बाई पहिल्यांदा दारात उभी राहिली, तेव्हाच सूनबाईच्या मनात पाल चुकचुकली. कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. बाई चाळिशीची, साधी, केस मागे घट्ट बांधलेले. पण खांद्यावरची पिशवी चांगली मोठी होती, दोन उशा सहज मावाव्यात एवढी. वाचायला आलेल्या माणसाला एवढी पिशवी कशाला लागते?

"जुन्या काळच्या कोर्टांवर पुस्तक लिहितेय," बाई म्हणाली. "तुमच्याकडे मॅजिस्ट्रेट साहेबांचे कागद आहेत असं कळलं."

"कुणाकडून कळलं?" सूनबाईने विचारलं.

बाईने उत्तर द्यायच्या आत अण्णा आतून आले. अण्णा म्हणजे सूनबाईचे सासरे. मोजणी खात्यात नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला, आणि निवृत्तीनंतर बायकोही गेली. तेव्हापासून त्यांना भेटायला येणारा म्हटला तर फक्त पेपर टाकणारा, आणि तोही दारातूनच परत फिरे. साहेबांचं नाव ऐकताच म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला, की सूनबाई पुढे काही बोललीच नाही.

साहेबआजोबा हे अण्णांचे पणजोबा. परक्यांच्या राजवटीत मॅजिस्ट्रेट झालेले. त्यांच्या दोन पत्र्याच्या पेट्या अण्णांनी जिवापाड जपल्या होत्या. एकीत सरकारी कागद होते: निकालांच्या नकला, अर्ज, जबान्या, वरिष्ठांचे हुकूम. दुसरीत घरची पत्रं. साहेबांच्या सारख्या बदल्या व्हायच्या, बायको मुलांना घेऊन घरी असायची, म्हणून साहेब तिला नेमानं पत्र लिहायचे. ती सगळी तिनं ठेवली, मग तिच्या मुलानं ठेवली, मग नातवानं, आणि आता अण्णांनी. घरात मात्र त्यांचं कुणाला कौतुक नव्हतं. सूनबाईचा नवरा औषधांच्या दुकानात कामाला, तो म्हणायचा, "आमच्या घराण्यात एक साहेब होऊन गेला आणि बाकीचे सगळे त्याची रद्दी सांभाळत बसले."

दुसऱ्या दिवसापासून बाई रोज यायला लागली. अण्णांनी मधल्या खोलीतलं टेबल रिकामं करून दिलं, खिडकीचा पडदा सरकवला, स्वतःचं भिंग दिलं. सूनबाईचं शिलाई मशीन बाहेरच्या खोलीत होतं. दुकानांसाठी ती शाळेचे गणवेश शिवायची. तिने मशीन फिरवून अशा बेतानं ठेवलं, की मान वर केली की टेबल दिसावं. अण्णांना म्हणाली, "इथं उजेड बरा येतो." उजेड मुळीच बरा येत नव्हता.

आणि मग तिने डोळ्यांत तेल घालून पाहायला सुरुवात केली. बाई न्हाणीघरात जाताना पिशवी सोबत नेते. बाई अण्णांना साहेबांच्या लहानपणाबद्दल, बायकोबद्दल, आजाराबद्दल विचारते आणि मान डोलावते, पण लिहून काहीच घेत नाही. लिहून घेते ती एकाच वर्षातलं, ज्या वर्षी साहेब नदीकाठच्या गावी होते. बाकीची वर्षं ती अशी उलटते, जशी आपण दुकानात महागडी साडी उलटतो. घ्यायची नसते, पण दुकानदाराला वाईट वाटू नये म्हणून.

"तू पोलिसात असायला हवी होतीस," नवरा हसला. "काय नेणार आहे ती? कागदच ना?"

"कागद घेऊन जायला कुणी अडवत नाही म्हणूनच लोक कागद नेतात," ती म्हणाली. "उद्या कुठल्या तरी लिलावात दिसले की मग बस बोंबलत."

त्या संध्याकाळी अण्णा फिरायला गेल्यावर तिने पत्रांची पेटी उघडली. नदीकाठच्या वर्षाच्या गठ्ठ्याची दोरी सोडली, पत्रं पलंगावर ओळीनं मांडली आणि फोनने फोटो काढून घेतले. एकेक नाही, ओळीच्या ओळी. मग होतं तसं बांधून ठेवलं. आपण काही वाईट केलं असं तिला वाटलं नाही. उलट त्या रात्री तिला चांगली झोप लागली.

तिच्या संशयाला खतपाणी मिळालं ते पुढल्या आठवड्यात. अण्णा डोळ्यांत औषध घालून आत पडले होते. बाई खिडकीपाशी उभी राहून फोनवर हळू बोलत होती. सूनबाईने मशीनवरचा पाय थांबवला नाही, पण सुई कापडावर टेकवली नाही. मशीन नुसतंच खडखडत राहिलं आणि तिचे कान खिडकीकडे.

"नाही बाबा, अजून नाही सापडलं," बाई सांगत होती. "निकाल सापडला, तो आपल्याला माहीतच आहे. घरच्या पत्रात काही लिहिलंय का ते बघतेय... नाही, त्यांना नाही सांगितलं. सांगितलं तर दाखवतील का? आपल्याच पणजोबांनी आमच्या माणसाला देशोधडीला लावलं, हे ऐकून कोण पेटी उघडेल?... तुम्ही गोळी घेतली का?"

सूनबाईच्या अंगावर काटा आला. म्हणजे आपला संशय बरोबर होता. ही पुस्तक लिहायला आलेली नाही. ही हिशेब चुकता करायला आलीय. साहेबांनी शिक्षा दिलेल्या कुणाची तरी ही पणतीबिणती असणार, आणि या भोळ्या म्हाताऱ्याच्या घरात बसून त्याच्याच पणजोबाची अब्रू चव्हाट्यावर आणायची तयारी चाललीय.

बाई गेल्यावर तिने अण्णांना सगळं सांगितलं, पदरचं थोडं तिखटमीठ लावूनच. त्यांनी उठून पेटीला कुलूप लावावं, उद्या त्या बाईला दारातूनच वाटेला लावावं, एवढीच तिची इच्छा होती.

अण्णा म्हणाले, "कुणाला दिलेली शिक्षा? नाव कळलं?"

"नाव नाही कळलं. देशोधडीला लावलं म्हणाली."

"नदीकाठच्या वर्षात हद्दपारी एकालाच झाली," अण्णा म्हणाले. "नावाडी होता तो."

ती गोष्ट सूनबाईने कधी ऐकली नव्हती. अण्णांनी सांगितली. पुराच्या दिवसांत सरकारी वसुलीची माणसं नावेत बसली आणि नाव मधल्या धारेत उलटली. दोन अंमलदार बुडाले, नावाडी पोहून वर आला. त्यानं मुद्दाम उलटवली असा आळ आला. तो शपथेवर सांगत राहिला, की माणसं जास्त झाली, मी नको म्हणत होतो, त्यांनी ऐकलं नाही. साहेबआजोबांनी त्याला समुद्रापार धाडलं. पुन्हा तो परत आला नाही.

"मग त्यानं उलटवली होती की नाही?"

"ते मला कसं माहीत असणार, सूनबाई?"

"पण साहेबांना माहीत असेल ना. त्यांनी पत्रात काही लिहिलंय?"

अण्णांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला. "बघायला हवं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाई आली तेव्हा अण्णांनी तिला वाटेला लावलं नाही. उलट स्वतःहून म्हणाले, "ताई, तुम्ही त्या नावाड्याच्या घरातल्या ना? मला सांगितलं असतं तरी मी पेटी उघडली असती."

बाईचा चेहरा पडला. तिने एकदा बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. सूनबाईने मान खाली घालून कॉलर शिवली. "चुकलं माझं," बाई म्हणाली. "माझे वडील अंथरुणावर आहेत. त्यांचे पणजोबा ते. आमच्या घरात चार पिढ्या एकच गोष्ट चालत आलीय, की माणूस निर्दोष होता. पण गावानं कधी ऐकलं नाही. वडिलांना शाळेत मुलं 'बुडव्या' म्हणून हाक मारायची. म्हातारपणी त्यांनी एकच धोशा लावलाय: त्या साहेबाला मनातून काय वाटत होतं, ते कुठं लिहिलेलं असेल का? पुस्तकही खरंच लिहितेय मी. पण आले ती त्यांच्यासाठी."

"बघू," अण्णा म्हणाले. "कागद पुष्कळ आहेत. घाई करू नका."

सूनबाईला राग आला. चोराला घरच्या किल्ल्या देण्यातला प्रकार. तिने आता फक्त पाहत राहायचं ठरवलं. पण त्या दिवसांत अण्णा मात्र बदलले. दुपारी झोपेनासे झाले. स्वतःच्या खोलीचं दार लोटून घ्यायला लागले. विचारलं तर म्हणायचे, "पत्रं लावून ठेवतोय ताईंसाठी." जेवताना गप्प असायचे. एकदा चहा आणून दिला तर बोटाला शाई. "शब्दकोडं सोडवत होतो," म्हणाले.

आणि मग एका सकाळी मधल्या खोलीतून बाईचा आवाज आला. ओरडली नाही ती. पण जिना चढताना पायरी चुकली की तोंडातून जसा निघतो, तसा आवाज. सूनबाई कात्री हातात घेऊनच आत गेली.

बाईच्या हातात पत्र होतं. ती अण्णांना वाचून दाखवत होती. साहेबांनी बायकोला लिहिलं होतं: *आज नावाड्याचा हुकूम लिहिला. वरून दोनदा निरोप आला होता, त्यामुळे दुसरं काही लिहिण्याची सोय नव्हती. त्याच्या डोळ्यांत मी पाहिलं. खोटं बोलणाऱ्याचे डोळे मला ओळखता येतात, आणि हे तसे नव्हते. आपल्या मुलांना यातलं काही कळू देऊ नकोस. जेवण गेलं नाही.*

बाईने तिथूनच वडिलांना फोन लावला. मोठ्यानं वाचलं, कारण त्यांना ऐकू कमी येत होतं. पलीकडून एका म्हाताऱ्याचं रडणं आलं, आणि ते त्या खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. अण्णा उठून खिडकीशी गेले.

त्या दिवशी सूनबाईलाही भरून आलं. खोटं कशाला सांगा. तिने बाईला पाणी दिलं, चहा केला, आणि मनात म्हणाली, की आपण उगाच साप समजून भुई धोपटत होतो. पण संशय ही चीजच अशी, की पाहुण्यासारखी येते आणि घरच्यासारखी राहते. संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगताना तिला आपण काढलेल्या फोटोंची आठवण झाली. त्या पत्राचा फोटोही आपल्याकडे असणार, दाखवावा म्हणून तिने फोन काढला.

फोटोत ते पत्र नव्हतं.

तिने फोटो मोठे करून पाहिले, पुन्हा पाहिले. पत्रांच्या माथ्यावर तारखा होत्या, त्या वाचता येत होत्या. नव्या पत्राची तारीख तिथं कुठंच नव्हती. दुसऱ्या दिवशी बाई यायच्या आधी, अण्णा आंघोळीला गेले असताना, तिने गठ्ठा सोडून पलंगावर पुन्हा ओळीनं मांडला आणि फोनशी ताडून पाहिला. नावाड्याचं पत्र तर फोटोत नव्हतंच, पण त्याच्या मागेपुढे आणखीही काही पत्रं होती, जी फोटोत नव्हती. एकात साहेबांना झोप लागत नव्हती. एकात ते नदीवर जाऊन उभे राहिले होते. आणि एक पत्र फोटोत होतं, ते आता गठ्ठ्यात नव्हतं.

चोर आला की वस्तू कमी होतात. इथं वाढल्या होत्या.

आता तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती मोठी पिशवी! बाई काही नेत नव्हती, बाई आणून ठेवत होती. वडिलांना हवं ते पत्र कुठून तरी लिहून आणलं, गठ्ठ्यात सरकवलं, आणि पुन्हा ते आपल्यालाच सापडल्याचं नाटक केलं. वर रडली काय, फोन लावला काय! आणि आपण चहा करून पाजला.

बाई आली तशी सूनबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. अण्णा भिंग पुसत टेबलाशीच बसले होते.

"ताई, हे पत्र तुम्ही कुठून आणलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे हे आमच्या पेटीतलं नाही. तुम्ही यायला लागल्यावर मी सगळ्यांचे फोटो काढून ठेवलेत. हे बघा. यात आहे का? नाही. मग ते उडत आलं?"

बाईने फोन हातात घेतला. फोटो पाहिले, पत्र पाहिलं. तिचा चेहरा आधी गोंधळलेला होता, मग लालबुंद झाला. "तुम्हाला म्हणायचंय मी खोटं पत्र लिहिलं? माझं सगळं आयुष्य कागद वाचण्यात गेलंय. माझ्या वडिलांना मी—"

"वडिलांसाठी माणूस काहीही करतो."

"तुम्ही माझी पिशवी बघा. आत्ता बघा." बाईने पिशवी टेबलावर उलटी केली. तिच्यातून वह्या पडल्या, जेवणाचा डबा पडला, पाण्याची बाटली, गुडघ्याला बांधायचा पट्टा, आणि इन्शुलिनच्या सुयांची डबी. न्हाणीघरात पिशवी का जात होती ते सूनबाईला कळलं. पण आता माघार घ्यायची तरी कशी?

"पिशवीत आता काय असणार? ठेवायचं ते ठेवून झालं."

बाई सामान गोळा करायला लागली. सूनबाईने अण्णांकडे पाहिलं. ते काही बोलतील, हिला दोन शब्द सुनावतील, निदान आपल्याला गप्प बसवतील, असं तिला वाटलं. अण्णा भिंगच पुसत होते. भिंग केव्हाच स्वच्छ झालं होतं.

बाई दारापर्यंत गेली. चपला घातल्या. एका चपलेचा पट्टा लागेना, म्हणून वाकली.

"थांबा," अण्णा म्हणाले. आवाज इतका बारीक होता, की दोघींना तो दुसऱ्याच कुणाचा वाटला. "ते मी लिहिलंय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. सूनबाई मशीनच्या स्टुलावर मटकन बसली.

अण्णांनी सांगितलं ते काही फार लांबलचक नव्हतं. लहानपणी अक्षर सुधारावं म्हणून वडिलांनी त्यांच्यापुढे साहेबआजोबांचीच पत्रं कित्ता म्हणून ठेवली होती. ते अक्षर हातात असं मुरलं होतं, की पुढे नकाशांवर गावांची नावं घालतानाही तेच वळण यायचं. पेटीत कोरे जुने कागद होते, अर्धे लिहिलेले ताव होते. पहिलं पत्र लिहायला त्यांना एक दुपार लागली. "मग सोपं गेलं," ते म्हणाले आणि स्वतःच दचकले.

"का?" बाईने विचारलं. ती दारातच होती, एका पायात चप्पल.

"तुमच्या वडिलांना बरं वाटेल म्हणून."

"अण्णा," सूनबाई म्हणाली, "आणि काढून ठेवलं ते पत्र?"

अण्णांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिला तो प्रश्न परत गिळावासा वाटला. मग ते आत गेले आणि नकाशे ठेवायची पत्र्याची लांब नळी घेऊन आले. तिच्यातून गुंडाळलेला एक कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला, आणि कडा वर येत होत्या म्हणून त्यावर भिंग ठेवलं.

"हे खरं आहे," ते म्हणाले. "मला लहानपणापासून पाठ आहे. हे तुम्ही वाचू नये म्हणून ती बाकीची लिहिली. बरं वाटायचं वगैरे, ते नंतर."

बाईने वाचलं. सूनबाईने तिच्या खांद्यावरून वाचलं. पत्र बरंच मोठं होतं. नवे जोडे टाचेला लागतात, जोडेवाल्याने माप नीट घेतलं नाही, जुनेच पाठवून दे, असं जवळजवळ पानभर होतं. मुलाच्या खोकल्याची चौकशी होती. मधे एक ओळ होती: *आज नावाड्याचा निकाल दिला, साक्षीदार थोडे होते म्हणून लवकर उरकलं आणि दुपारी छान झोप लागली.* त्यापुढे पुन्हा जोडे.

"जोडे," बाई म्हणाली.

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणीतरी त्याला ओरडून वाट सांगत होता.

"वाईट माणूस असता तरी चाललं असतं," बाई शेवटी म्हणाली. "त्यानं वैर धरलं असतं, लाच खाल्ली असती, तरी घरी जाऊन सांगता आलं असतं. हे काय सांगू मी?"

"माफ करा," अण्णा म्हणाले.

"कुणाबद्दल? त्यांच्याबद्दल की तुमच्याबद्दल?"

बाईने खऱ्या पत्राचा फोटो काढला, खोट्याचाही काढला, आणि गेली. जाताना ती सूनबाईजवळ थांबली. सूनबाईला वाटलं आता ही बोलणार, आणि बोलली तर आपण ऐकून घ्यायचं. पण बाई एवढंच म्हणाली, "फोटो काढलेत ते बरं केलंत."

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि या वेळी तो हसला नाही. वडिलांशी तो काही बोलला नाही, मात्र दुकानातून येताना त्यांच्यासाठी डोळ्यांचं औषध आणायला विसरू लागला. सूनबाईचं तर सगळंच अवघड झालं. आगीत तेल कुणी ओतलं? बाईचं फोनवरचं बोलणं ऐकून अण्णांच्या कानावर घातलं कुणी? ती त्यांना जेवायला वाढायची तेव्हा त्यांच्या उजव्या हाताकडे बघायची, आणि बघतेय हे अण्णांना कळायचं.

काही आठवड्यांनी बाईचा फोन आला. वडील गेले होते.

"तुम्ही सांगितलंत त्यांना?" सूनबाईने विचारलं.

"नाही. रोज ठरवायचे आणि रोज तेच पत्र पुन्हा वाचून दाखवायला लागायचं. शेवटी पाठ झालं मला. पुस्तकात मात्र ते छापणार नाही. जोड्यांचं छापणार आहे. अण्णांना सांगा." जरा थांबून ती म्हणाली, "त्यांच्यावर माझा राग आहे. पण वडील शांत गेले, हेही त्यांना सांगा."

सूनबाईने दोन्ही निरोप दिले. अण्णांनी ऐकले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. संध्याकाळी उठले ते ठरवूनच. हे कागद आता आपल्या घरी नकोत. सरकारी दप्तरखान्याला देऊन टाकू.

देण्याआधी झाडून लावून ठेवायला सूनबाई बसली. पहिल्यांदाच तिने सरकारी कागदांची पेटी उपसली. त्या पेटीचे फोटो तिने कधी काढले नव्हते. तेव्हा तिचं लक्ष होतं ते घरच्या पत्रांवर. निकालांच्या नकलांमध्ये तिला एक अर्ज सापडला. नावाड्याच्या बायकोनं कुणाकडून तरी लिहवून घेतलेला. नवऱ्याची नाव सरकारजमा झाली आहे, ती परत मिळावी, पोरं उपाशी आहेत. अर्जाच्या समासात साहेबांच्या अक्षरात शेरा होता: *नाव बाईस परत द्यावी. घाटावर तिला कोणी अडवू नये. अडवल्यास मला कळवावे.*

सूनबाई ते वाचून आनंदानं उठलीच. म्हणजे अगदीच दगड नव्हता माणूस! तिने लगेच बाईला फोन केला, आणि बाई पुढच्याच दिवशी आली. अर्ज उजेडाला धरून तिने बराच वेळ पाहिला. अर्जाचं अक्षर वेगळं होतं, ते जुनंच होतं, त्यात शंका नव्हती. पण शेरा होता समासात, कोऱ्या जागेत. तो कुणालाही लिहिता आला असता.

"हे कुणाच्या हातचं?" बाईने विचारलं.

अण्णा समोरच होते. "साहेबआजोबांच्या," ते म्हणाले. "शपथ घेतो. मी ती पेटी उघडलीच नाही."

"आमच्या घरी म्हणतात, की त्या आजीनं पुढे नाव चालवली," बाई हळू म्हणाली. "पण ती तिची स्वतःची की भाड्याची, ते कुणाला ठाऊक नाही. हा शेरा खरा असता तर..." तिने अर्ज टेबलावर ठेवला. "नाही घेता येणार मला. तुम्ही खरं सांगत असाल, अण्णा. बहुतेक सांगतही असाल. पण मी छापलं आणि उद्या कुणी विचारलं, तर काय सांगू?"

"मी लिहून देतो," अण्णा म्हणाले.

बाईने त्यांच्याकडे पाहिलं, आणि आपण काय बोललो ते अण्णांना उमगलं.

दप्तरखान्याचा अधिकारी कागद घ्यायला आला, तो तरुण, नेमका, घामाघूम झालेला माणूस होता. सूनबाईच्या नवऱ्याने त्याला फोनवर आधीच सगळं सांगून ठेवलं होतं, म्हणून त्याने पहिली अट तीच घातली: जे तुम्ही लिहिलंय, त्या प्रत्येकावर तसं लिहा आणि सही करा. अण्णा टेबलाशी बसले. गठ्ठ्यातून एकेक पत्र काढून त्यांनी त्याच्या पाठीवर लिहिलं, *हे मी लिहिले*, आणि खाली सही केली. तेही लिहिलं गेलं साहेबांच्याच वळणाचं. दुसरं वळण त्यांच्या हाताला येतच नव्हतं. अधिकाऱ्याने ते पाहिलं.

"झाली?" सूनबाईने विचारलं.

"झाली."

"सगळी?"

"सगळी, सूनबाई."

अधिकारी पेट्या बांधायला लागला. अर्ज हातात आला तेव्हा तो थांबला. समासातला शेरा त्याने वाचला. "आणि हा? यावर सही नाही."

"तो खरा आहे," अण्णा म्हणाले.

अधिकाऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही, सूनबाईकडे पाहिलं. "तुम्ही फोटो ठेवले होते म्हणे. याचा आहे?"

"नाही."

"मग तुमचं काय मत? खरा आहे?"

हो म्हणायला तिचं काहीच जात नव्हतं. अण्णा खरं बोलत होते असंच तिला वाटत होतं. नव्वद टक्के वाटत होतं. त्या पेटीवर धूळ होती, ती तिने स्वतः पुसली होती. पण धुळीचं काय, ती आठ दिवसांतही बसते. तिने तोंड उघडलं, आणि तिला त्या खोलीत वाचलेलं ते सुंदर पत्र आठवलं. *खोटं बोलणाऱ्याचे डोळे मला ओळखता येतात.* किती विश्वास ठेवला होता आपण त्या ओळीवर.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

अधिकाऱ्याने अर्जाला चिठ्ठी लावली, 'शेऱ्याबद्दल खात्री नाही', आणि तो पेटीत टाकला. पेट्या जिन्यावरून खाली जाताना भिंतीला घासल्या. नवरा एका बाजूने धरून होता आणि "सांभाळून, सांभाळून" म्हणत होता.

अण्णांनी सुनेचं उत्तर ऐकलं होतं. ते तिच्यावर रागावले नाहीत. टेबलावरचं दौतीचं झाकण त्यांनी घट्ट लावलं, खुर्ची आत सारली आणि आपल्या खोलीत गेले. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "सूनबाई, चहा मिळेल का?"

"आणते, अण्णा," ती म्हणाली, आणि उठली.